अतोलेतली गोळी

"त्याला उपाशी कामावर पाठवू नकोस हं, ओदिलिया. सकाळी पोटात काही गरम गेलं की माझ्या पोराचं डोकं जाग्यावर राहतं."

दोन्या कूकांचा हा आवाज ओदिलियाच्या कानात कायमचा बसला होता. सासूला तिने समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. लग्न इकडेच झालं, अमेरिकेत, याकिमाच्या खोऱ्यात, सफरचंदांच्या पॅकिंग शेडमधल्या ओळखीतून. तिकडे मेक्सिकोतून, मिचोआकानातल्या गावाहून चौदा वर्षं नुसता फोन यायचा आणि फोन ठेवताना शेवटचं वाक्य हेच असायचं. गेल्या ऑक्टोबरात त्या गेल्या. तिच्या नवऱ्याने, तिमोतेओने, आईची माती फोनच्या पडद्यावर पाहिली. फोन धरणाऱ्या चुलतभावाचा हात थरथरत होता, त्यामुळे कधी पेटी दिसायची, कधी आभाळ, तर कधी कुणाचे तरी मातीने भरलेले बूट. कागदपत्रांशिवाय तो तिकडे गेला असता तर परत यायची वाट बंद झाली असती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून 'जा' कुणी म्हणालं नाही आणि 'जाऊ नकोस' म्हणायचीही कुणावर वेळ आली नाही.

सकाळचं अतोले मात्र ओदिलियाने एक दिवस चुकवलं नाही. मक्याचं पीठ पाण्यात कालवायचं, दालचिनीची काडी टाकायची, गुळाचा खडा फोडून घालायचा आणि गुठळी धरू न देता ढवळत राहायचं. ढवळता ढवळता ती 'जय मारिये' ही प्रार्थना पुटपुटायची. दहा वेळा म्हणून झालं की अतोले दाट व्हायचं.

आणि गेले नऊ दिवस ती त्यात आणखी एक गोष्ट ढवळत होती.

*

आई गेल्यावर तिमो प्यायला लागला. आधीही तो प्यायचा, पण शनिवारी, चारचौघांत, गाणी म्हणत. आता एकटा प्यायचा आणि गाणं नसायचं. डिसेंबरात ग्वादालुपेच्या माउलीचा सण आला तेव्हा तो आपणहून चर्चमध्ये जाऊन दारू सोडायच्या शपथेच्या रांगेत उभा राहिला. त्या दिवशी खोऱ्यातले निम्मे पुरुष त्या रांगेत असतात. कुणी तीन महिन्यांची शपथ घेतो, कुणी सहा. कुणी मुलीच्या पंधराव्या वाढदिवसापुरती एका संध्याकाळची सूट आधीच मागून घेतो. पाद्रे आन्सेल्मो एका कार्डावर नाव घालतात, मुदत घालतात, खाली सही करतात. कार्ड पाकिटात राहतं. पुढे कुणी बिअरची बाटली पुढे केलीच, तर काही बोलावं लागत नाही. कार्ड दाखवायचं, समोरचा मुकाट हात मागे घेतो.

"एक वर्ष," तिमो म्हणाला. "आणि पाद्रे, दारू एवढंच नका लिहू. डोक्यात जाणारं काहीही नाही, असं लिहा."

"काहीही म्हणजे?"

"म्हणजे काहीही. आईच्या नावाने घेतोय. अर्धवट नको."

"कॉफी तरी ठेव रे बाबा!"

"कॉफी डोक्यात जात नाही, पाद्रे. पोटातच राहते."

मागची रांग हसली. पाद्रेही हसले आणि त्याने सांगितलं तसं लिहून टाकलं.

शपथ त्याने पाळली. एक घोट नाही की एक वासही नाही. पण दारूने जे दाबून ठेवलं होतं ते आता मोकळं सुटलं. झोप उडाली. जेवायला बसला की टेबलाखाली गुडघे उडायचे आणि वरचे पेले किणकिणायचे. बागेत कामावर, शिडीवर असताना मध्येच छातीत काही तरी धावत सुटायचं. फांदी घट्ट धरून तो डोळे मिटून उभा राहायचा. एप्रिलमध्ये एकदा तो शिडीवरून घसरला. हॉस्पिटलात नळ्या लावल्या, तारा लावल्या आणि सांगितलं, काळीज घोड्यासारखं आहे, दवाखान्यात जाऊन दुसऱ्या डॉक्टरला भेटा.

दवाखान्यातली डॉक्टरीण हसतमुख होती, पण तिला स्पॅनिश येत नव्हतं. स्पॅनिश बोलणारी समुपदेशक आठवड्यातून एकदाच, बुधवारी यायची आणि तिच्या यादीत सात आठवडे जागा नव्हती. तोवर टेबलावरच्या फोनमधून एक दुभाष्या बोलणार होता. तो कुठल्या देशातला होता कोण जाणे, बातम्या वाचल्यासारखा बोलायचा.

"डॉक्टर विचारतात, महोदयांना झोप लागते का?"

तिमोने फोनकडे पाहून मान हलवली.

"त्याला दिसत नाही," ओदिलिया कुजबुजली. "बोल."

"नाही," तिमो फोनला म्हणाला.

"डॉक्टर विचारतात, जगणं नकोसं झाल्याचे विचार महोदयांच्या मनात येतात का?"

तिमोने आधी ओदिलियाकडे पाहिलं, मग त्या काळ्या डब्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "देवाची कृपा आहे."

डॉक्टरणीने गोळ्या लिहून दिल्या. पहिले दोन आठवडे बेचैनी वाढू शकते, फारच वाढली किंवा वेडेवाकडे विचार आले तर लगेच कळवा, असं फोनमधला आवाज सांगत होता. तिमो 'हो, हो' म्हणत होता. डॉक्टरला तोंडावर नाही म्हणणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. शपथेचं तर त्याने अवाक्षर काढलं नाही. घरी येऊन बाटली त्याने कपाटाच्या वरच्या खणात, तांदळाच्या पिशवीमागे ठेवली.

"घेणार नाहीस?"

"कशी घेऊ? डोक्याचंच औषध आहे ना ते?"

"अरे, पण बरं व्हायचं औषध आहे, म्हाताऱ्या. नशा नाही ती."

"कार्डावर काय लिहिलंय ते तुला ठाऊक आहे, ओदि." असं म्हणून तो अंगणात गेला आणि कुंपणापासून नळापर्यंत फेऱ्या मारू लागला. येरझारा घालून घालून तिथलं गवत पार मेलं होतं.

*

बुधवारवाल्या बाईंचा फोन एकदा आला होता. एका रोग्याने वेळ रद्द केली, आज येता का, असा. पण शेडमध्ये फोन बाहेरच्या खान्यात कुलपात ठेवावे लागतात. ओदिलियाने मधल्या सुट्टीत पाहिलं तोवर दीड तास उलटून गेला होता आणि जागा दुसऱ्या कुणाला गेली होती. त्या दिवसापासून ती फोन पायमोज्यात खुपसून फळांच्या सरकत्या पट्ट्याशी उभी राहू लागली. दर आठवड्याला ती दवाखान्यात फोन करून नाव वर सरकलं का विचारायची.

"काय त्रास आहे त्यांना?" तिकडची मुलगी विचारायची.

"नसांचा," ओदिलिया सांगायची. "नसा फार खराब झाल्यात त्याच्या."

"बरं. नाव आहे यादीत."

पट्ट्यावर तिच्या शेजारी चायो उभी असायची. चायो ओदिलियाच्या मुलीची, यारेलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. बारा वर्षांच्या मैत्रिणी, पण 'अहोजाहो' सुटलेलं नाही. समोरून ओली, मेण लावलेली सफरचंदं धावत यायची आणि डाग पडलेलं फळ उचलून बाजूच्या नळकांड्यात टाकताना दोघींची तोंडं चालू असायची.

"सांगते ऐका, कोमाद्रे," तिमो गोळ्या घेत नाही हे कळल्यावर चायो म्हणाली. "आमच्या रुतिलिओच्या वडलांना लसूण चालायचा नाही, कुठला तरी नवस होता. सासूबाई वाटून घालायच्या वरणात. म्हातारा नव्वद वर्षं जगला."

"आणि नवस?"

"नवस त्यांचा होता, त्यांनी काही मोडला नाही. त्यांना माहीतच नव्हतं! माहीत नसलेल्याला कसलं पाप? झालंच तर सासूबाईंना. आणि त्या गेल्या तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं बघा."

"गॅस झाला असेल," ओदिलिया म्हणाली. दोघी हसल्या. वरून सुपरवायझर ओरडला तशा गप्प झाल्या.

पण ते बोलणं ओदिलियाच्या मनातून हलेना. घरी गेली की ती तिमोचे उडणारे गुडघे बघायची आणि तेच बोलणं पुन्हा वर यायचं. एका सकाळी तिने माउलीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले आणि हळूच म्हणाली, "आई, त्याची शपथ शाबूत राहू दे. जे काही असेल ते माझ्या माथी." मग पाट्यावर चमच्याच्या पाठीने गोळी चुरडली. एवढीशी पांढरी भुकटी. दहा 'जय मारिये' होईपर्यंत ती अतोलेत कुठे गेली ते कळलंही नाही.

तिमोने पेला रिकामा केला. "गोड झालंय आज," म्हणाला.

*

पहिले दोन-तीन दिवस तिला वाटलं, काहीच झालं नाही. मग वाटलं, थोडी हुशारी आलीये. मग त्याच्या बोटांना कंप सुटला. पाचव्या दिवशी त्याने ताट पुढे सरकवलं, मळमळतंय म्हणाला. सहाव्या दिवशी तो दिवसभर एका जागी दोन मिनिटं टिकला नाही.

"आतून मुंग्या धावतायत गं," तो म्हणायचा. "कातडीच्या आतून."

ओदिलियाचं मन म्हणायचं, औषध कमी पडतंय. मोठा गडी आहे, एका गोळीने काय व्हायचं. फोनमधल्या आवाजाने बेचैनीबद्दल काही तरी सांगितलं होतं, ते तिला पुसट आठवत होतं. पण कधी आणि काय, ते नीट जुळत नव्हतं. त्या वेळी तिचं सगळं लक्ष त्या एका 'नाही'कडे होतं. विचारावं तर कुणाला? विचारायचं तर चोरून देतेय हे सांगावं लागलं असतं. सातव्या दिवसापासून तिने दोन चुरडायला सुरुवात केली.

आठव्या सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर तिमो तसबिरीपुढे गुडघ्यांवर होता. पाठ हलत होती.

"काय चाललंय?"

"शोधतोय."

"काय?"

"काय मोडलं ते." त्याने मागे वळून पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "काही तरी मोडलंय मी, ओदि. माउलीने तोंड फिरवलंय माझ्यापासून. मार्चमध्ये रुतिलिओकडे केक खाल्ला, त्यात रम होती का, विचार ना चायोला. आणि ते खोकल्याचं सिरप? ते चूळ भरायचं निळं पाणी? मी फेकून दिलंय ते आज. तुझंही फेकलंय."

त्याच वेळी चुलीवर अतोले होतं आणि त्यात दोन गोळ्या पडून झाल्या होत्या. तिने पातेलं ओतून द्यायला हात उचललाही. पण तिमो उठून बसला, पेल्यासाठी हात पुढे केला आणि म्हणाला, "दे. आई म्हणायची ना, पोटात गरम जाऊ दे." तिने दिलं. का दिलं, ते तिचं तिलाच पुढे कधी सांगता आलं नाही.

*

नवव्या दिवशी, सोमवारी, साडेदहाला मोज्यातला फोन थरथरला. चायोचा नवरा रुतिलिओ होता; तो तिमोबरोबरच बागेत विरळणीला, जादा फळं खुडायला असायचा.

"कोमाद्रे, तिमो शिडीवरून उतरला आणि चालत सुटला. हाका मारल्या, वळून पाहिलं नाही. टोपी इथेच टाकलीये. कालव्याच्या बाजूला गेलाय."

ओदिलियाने हातमोजे पट्ट्यावरच टाकले.

"ए! पट्टा चालू आहे!" सुपरवायझर ओरडला.

"तुम्ही जा," चायो म्हणाली. तिने एक हात ओदिलियाच्या जागेवर आधीच टाकला होता. "तुमची फळं मी बघते. पळा!"

बाग शेडपासून दहा मिनिटांवर होती. ओदिलियाने गाडी कशी चालवली तिला आठवत नाही. झाडांच्या ओळी संपतात तिथे कालवा आहे. सिमेंटचा, तिरक्या भिंतींचा. जूनमध्ये तो काठोकाठ भरून सुसाट वाहतो. काठावर तिमो बसला होता. बूट काढून शेजारी शेजारी ठेवले होते, मोजे घडी घालून त्यांच्या आत. रुतिलिओ वीस पावलांवर एका झाडाला धरून उभा होता. पुढे जावं की नाही त्याला समजत नव्हतं.

ती तिमोजवळ बसली. त्याच्या पाठीमागून तिने त्याचा कमरेचा पट्टा मुठीत धरला.

"बूट का काढलेस?"

"पाय जळत होते."

"मग पाण्यात घाल."

"तेच करणार होतो." तो पाण्याकडे पाहत होता. "मग कळेना, नुसते पाय घालायचेत की..."

पुढचं तो बोलला नाही. बोलायची गरजही राहिली नव्हती. ओदिलियाने मूठ आणखी आवळली.

"मी सगळं आठवून पाहिलं," तो म्हणाला. "एक एक दिवस. सापडत नाही गं. काय मोडलं ते सापडलं तर माफी तरी मागता येईल. आईच्या नावाने घेतली होती मी."

"तू काही मोडलं नाहीस."

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे. मी मोडलं." आणि तिने सांगितलं. तांदळामागची बाटली, चमच्याची पाठ, अतोले. तिचा आवाज पाण्याच्या आवाजात हरवत होता, म्हणून काही गोष्टी तिला दोनदा सांगाव्या लागल्या. दुसऱ्यांदा सांगताना त्या जास्त वाईट वाटल्या.

"किती दिवस?"

"नऊ."

"रोज?"

"रोज. शेवटचे तीन दिवस दोन-दोन."

तिमोच्या तोंडून हसण्यासारखा काही तरी आवाज निघाला. "म्हणजे मी नाही."

"तू नाही."

"मी काही मोडलं नाही."

"नाही रे, बाबा. काही नाही."

त्याने दोन्ही हातांत तोंड धरलं आणि तो रडला. आईच्या मातीच्या दिवशीही तो असा रडला नव्हता. रुतिलिओने पाठ फिरवली. मग रडणं जसं आलं तसं थांबलं. तिमो उठला, बूट हातात घेतले आणि अनवाणी गाडीकडे चालू लागला. ओदिलियाचा हात अजून पट्ट्यातच होता. त्याने तो सोडवला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

गाडी घराच्या वाटेला लागल्यावर तो बोलला.

"सूपमध्ये घालायचंस. बीन्समध्ये घालायचंस. कुठेही घालायचंस, ओदि. आईच्या अतोलेत घातलंस."



*

अंगणात शिरताच तिने दवाखान्यात फोन लावला. तीच मुलगी बोलली. काय त्रास आहे, तोच प्रश्न. ओदिलिया सवयीने 'नसांचा' म्हणणार होती. पण समोर, पायरीवर, तिमो अनवाणी बसला होता आणि शेजारी बूट होते.

"माझा नवरा आज कालव्यात उतरणार होता," ती म्हणाली. "मरायला."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. एका मिनिटात नर्स फोनवर आली. तिची स्पॅनिश मोडकी होती, पण तिची स्वतःची होती, दुभाष्याची नव्हती. आत्ता तो सुरक्षित आहे का, घरात बंदूक आहे का, कुणी सोबत राहील का? आधी तिमोशी बोलली, मग पुन्हा ओदिलियाशी. त्याला एकटं सोडू नका. पुन्हा तसं वाटलं तर या नंबरवर फोन करा, कुठल्याही वेळी. आणि परवा बुधवारी दोन वाजता, समुपदेशक मिरेयाबाईंकडे. डॉक्टरही असतील.

"सात आठवडे सांगितलं होतं," ओदिलिया म्हणाली.

"तुम्ही हे सांगितलं नव्हतं," नर्स म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता. "गोळ्या घेतायत का ते?"

"बुधवारी सांगते," ती म्हणाली. "पण आता देत नाही. थांबवल्यात."

"देत नाही? म्हणजे तुम्ही..." नर्स थांबली. "बरं. बुधवारपर्यंत घेऊ देऊ नका. बाटली सोबत आणा."

संध्याकाळी रुतिलिओ आला तो गादी घेऊनच. "दोन रात्री इथे झोपणार," म्हणाला. "चायो म्हणते मी घोरतो, तिची तेवढीच सुटका." कुणी हसलं नाही, पण त्याने गादी तिमोच्या दाराशी टाकली.

*

मंगळवारी दुपारी पाद्रे आन्सेल्मोंनी चर्चच्या मागच्या खोलीत दोघांना बसवलं. ओदिलियाचं पाप त्यांनी आधी वेगळं ऐकून घेतलं होतं. आता त्यांनी तिमोचं कार्ड हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि वाचलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी रांगेत ऐंशी जण होते. तू सांगितलंस, मी हात चालवला. थांबून विचारायला हवं होतं."

"मला सोडवू नका, पाद्रे," तिमो घाईने म्हणाला. त्याचा गुडघा खुर्चीवर उडत होता. "सोडवलंत तर अर्धी होईल."

"सोडवतोय कोण? बदलतोय. एक नवस काढून त्या जागी त्याहून बरा ठेवता येतो. तेवढा अधिकार मला आहे." त्यांनी पेन काढलं आणि 'डोक्यात जाणारं काहीही नाही' या ओळीवर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं: डॉक्टर देईल ते औषध, रोज, न चुकता. दारू तशीच ठेवली. सही केली, तारीख घातली.

तिमोने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हे तर सोपं आहे."

"असं वाटतं तुला. न पिणं एकदा ठरवलं की ठरलं. हे तुला दर सकाळी नव्याने करावं लागणार. ज्या दिवशी बरं वाटेल आणि गोळी फेकावीशी वाटेल, त्या दिवशी माझी आठवण काढ."

"आणि आईला चालेल हे?"

पाद्रेंनी पेन खिशाला लावलं. "ती काय म्हणायची तुला? दोन्या कूका?"

"जेवलास का, विचारायची."

"मग," पाद्रे म्हणाले, आणि कार्ड त्याच्या खिशात सरकवलं.

बाहेर आल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तिमो थांबला. कालपासून तो तिच्याशी कामापुरतं बोलत होता.

"मी घेईन गोळी," तो म्हणाला. "पण तुझ्या हातून नाही. उद्या तू दवाखान्यात आधी जायचंस. मी येण्याआधी. तुझ्या तोंडाने सांगायचंस त्या बाईंना, काय दिलंस, किती दिलंस, कसं दिलंस. मग त्या देतील ते मी माझ्या हाताने घेईन. आणि त्या दिवशी फोनवाल्याला मी जे 'नाही' म्हणालो, त्याचं काय ते मी सांगेन. माझं मी."

"सांगेन."

"सगळं?"

"सगळं. माउलीची..."

"नको!" तो जवळजवळ ओरडला, पायरीवरची दोन कबुतरं उडाली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपल्या घरात शपथा पुरे झाल्या, बाई. नुसतं सांगेन म्हण."

"सांगेन," ओदिलिया म्हणाली.

*

बुधवारी पट्ट्यावर नेहमीसारखीच फळं धावत होती. ओदिलियाने सकाळपासून किती डाग पाहिले आणि किती नजरेआड गेले ते तिला सांगता आलं नसतं. तिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे.

"कोमाद्रे, माझं ऐका," चायो पुटपुटली. "तुम्ही सांगाल आणि त्या लिहून घेतील. नवऱ्याला न सांगता औषध पाजलं, हा इथे गुन्हा धरतात म्हणे. मग पोलीस येतील. मग यारेलीला घेऊन जातील. मग तुम्हाला विमानात बसवून मेक्सिकोला धाडतील. सांगा ना, त्यानेच चुकून जास्त घेतल्या म्हणून. कोण बघायला येतंय?"

"तुम्हीच सांगितलं होतंत, माहीत नसलेल्याला पाप नाही."

चायोचा हात फळावर थांबला. एक डागी सफरचंद तसंच पुढे निघून गेलं. "मी वरणातल्या लसणाचं सांगत होते हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काय माहीत होतं?"

"मलाही नव्हतं." ओदिलियाने तिच्या दंडावर हात ठेवला. "त्यांना खरं कळलं नाही तर त्या पुन्हा चुकीचं औषध देतील. तेव्हा पोलीस आले नाहीत तरी काय उपयोग?"

"पण भीती वाटत नाही?"

"वाटते ना. म्हणून तर घड्याळ बघतेय."

सव्वा वाजता ती सुपरवायझरकडे गेली. दवाखान्यात जायचंय, म्हणाली. सोमवारीही गेली होतीस, तो म्हणाला. हो, ती म्हणाली, आणि पुढेही जावं लागेल, दर बुधवारी. तो काही तरी बोलणार होता. तिचा चेहरा पाहून त्याने रजेचा कागद पुढे केला. तिने सही केली.

गाडी तिमोकडे होती. दोन वाजता रुतिलिओ त्याला बागेतून सरळ तिकडे आणणार होता. दवाखाना दोन मैलांवर, मुख्य रस्त्याला लागून. ओदिलियाने केसांवरची जाळी काढली, ॲप्रनची घडी घालून खान्यात ठेवली, गोळ्यांची बाटली पिशवीत आहे ना ते चाचपून पाहिलं. काय बोलायचं ते तिने मनात जुळवून पाहिलं, पण पहिल्या वाक्याच्या पुढे ते जाईना. तेवढं पुरे, तिने ठरवलं. पहिलं वाक्य तोंडातून गेलं की बाकीचं येईल.

बाहेर फळांच्या पेट्या लादलेले ट्रक धूळ उडवत जात होते. ती रस्त्याच्या डाव्या कडेने, गवताच्या पट्ट्यावरून, झपाझप चालू लागली.